आडवा मांडव

‘चार माणसे उचलतील की!’ हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा ऐकले आहे. ते उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवर दर वेळी आपण उपकार करीत असल्याची प्रसन्नता असते. त्या प्रसन्नतेशी माझे जुने वैर आहे. ते कसे जडले याची हकिकत मी येथे नमूद करीत आहे.

मी अर्जनवीस. शाळा सातवीत सुटली. परंतु पनवेलच्या कचेरीबाहेर पिंपळाखाली बसून मी जे मराठी लिहिले, ते वाचून पदवीधर कारकुनांनी माना डोलावल्या आहेत. वारसाच्या नोंदी, बांधाचे तंटे, सरकारने घेतलेल्या जमिनींच्या भरपाईचे दावे यांनी माझी दुपार कधी रिकामी ठेवली नाही. मागणारा वाकला की देणारा ताठतो, हे त्या जागेवर बसून मला उमगले. म्हणून माझ्या अर्जात ‘कृपा’ हा शब्द शेवटच्या ओळीखेरीज सापडणार नाही, आणि तेथेही तो केवळ रिवाज म्हणून येतो.

माझी थोरली बहीण धवलारीण होती. आम्ही खाडीकाठचे आगरी. आमच्या लग्नांत धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी, हळदीपासून अक्षतांपर्यंत विधी पुढे नेणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी असो वा नसो, धवलारीण हवीच. माझ्या बहिणीचे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात वाळले होते. बूड टेकवून सरकत ती वाढली. पुढे गॅरेजवाल्या एका भाच्याने जाड फळीला चार बेअरिंगे ठोकून तिला गाडी करून दिली, तेव्हापासून तिचा वेग वाढला आणि स्वभावही. तळहातांना टायरचे तुकडे बांधून ती जमीन रेटत निघे. बेअरिंगांचा खरखराट ऐकून गावातील पोरे विटीदांडू थांबवून वाट देत. शहाणी झाल्यापासून तिने कोणाला स्वतःला उचलू दिले नव्हते. तिचे लग्न झाले नाही. इतरांची मात्र तिने इतकी लावली की आमच्या गावात पाटावर बसलेला असा नवरदेव विरळा, ज्याने आधी तिच्या पाया पडून आशीर्वाद घेतला नाही.

माझ्या एकुलत्या मुलीचे लग्न ठरले ते नव्वदच्या सुमारास. नवीन पनवेलात इमारती उठत होत्या, गावोगावचे लोक आपली कार्ये शहरातील सभागृहांत करू लागले होते. माझा व्याप पनवेलात, माझी ओळख कचेरीत. तेथील मंडळींना गावच्या अंगणात चिखल तुडवायला लावणे मला प्रशस्त वाटले नाही. मी शहरातील एका न्यासाचे सभागृह घेतले. पावसात पाणी शिरते म्हणून त्याचे जोते छातीएवढे उंच बांधलेले, समोर रुंद, दिमाखदार पायऱ्या. मात्र बाजूच्या गल्लीचा चढ जिथे संपे तेथे एक दार थेट सभागृहाच्या पातळीला उघडत असे. ते दार मी डोळ्यांनी पाहिले, बहिणीची फळी त्यातून जाईल हे हाताने मोजले, आणि मगच होकार दिला.

लग्न महिन्यावर आले असता कळले की त्या दारात जनरेटर बसवला आहे.

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. विषय: सभागृहात अपंग व्यक्तीस स्वतःच्या बळावर प्रवेश मिळणेबाबत. ‘सार्वजनिक म्हणविणाऱ्या वास्तूचे दार ज्याला बंद, त्याच्यापुरती ती वास्तू खाजगी ठरते’ हे वाक्य मी त्यात घातले, आणि ते आजही मला बदलावेसे वाटत नाही. अर्ज घेऊन मी स्वतः गेलो. व्यवस्थापक तरुण, तोंडाने गोड.

“काका, एवढं काय टेन्शन घेता? आमची वाढपी पोरं आहेत ना. चार जण उचलतील, दोन मिनिटांचं काम.”

“ती उचलू देत नाही.”

“म्हणजे? मदत नको?”

“मदत हवी. जनरेटर हलवा.”

“ते कसं शक्य आहे काका, फाउंडेशन केलंय त्याला.” मग त्याला काहीतरी सुचले. “असं करू. आत्याबाईंना खाली अंगणात छान खुर्ची देऊ, हातात माइक देऊ. आवाज वर हॉलमध्ये स्पीकरवर. फर्स्ट क्लास!”

मी हे दोन्ही प्रस्ताव गावी जाऊन बहिणीच्या कानावर घातले. ती ओट्यावर बोंबील निवडीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “उचलतात ती दोगांनाच रं. नवऱ्या पोरीला आन मढ्याला. नवरी मी झाले नाय, आन मढा आजून झाले नाय.”

“आणि माइक?”

“माजा आवाज मांडवान आन मी भायेर? मंग मना कॅशेटीन भर आन वाजव तुज्या पोरीच्या लग्नान.”

नातलगांनी तिसरा उपाय काढला. सुकापूरला एक धवलारीण होती, पायांनी धड, गळ्याने बरी. तिला बोलवावे. हे माझ्या मुलीच्या कानी गेले, तेव्हा तिने हातातला सुई-दोरा खाली ठेवून सांगितले, “आते नसेल तर मी अंगणातच उभी राहीन. नवऱ्याला खाली यायला सांगा.” मुलगी माझी आहे, हे त्या दिवशी माझ्या पत्नीनेही मान्य केले.

अर्जाला उत्तर आले नाही. मी स्मरणपत्र दिले. त्यालाही आले नाही. लग्नाचा आदला दिवस उजाडला तरी त्या पायऱ्या होत्या तेथेच होत्या.

आता येथे आमच्या गावची एक रीत सांगणे अवश्य आहे. लग्नघरी मांडव घालायचा तो एकट्या यजमानाने नव्हे. प्रत्येक घरातून एक बांबू आणि एक माणूस येतो. बोलवावे लागत नाही, सांगावे लागत नाही. ज्या घरचा बांबू मांडवात नाही, ते घर लग्नात नाही, असा सरळ अर्थ. सभागृहाला पक्के छप्पर आहे, तेथे मांडवाचे काम नाही, हे मी कोणाला कळवले नव्हते, कारण ते सर्वांनाच ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि आपल्या घरचा बांबू न नेणे निराळे. दुपार कलताना दोन टेम्पो सभागृहाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांतून गाव उतरले: खांद्यावर बांबू, कमरेला काथ्याची दोरी, हातात माडाची झावळे. वधूवरांच्या बोहल्यासाठी लागणाऱ्या रुंद फळ्याही बरोबर होत्या.

व्यवस्थापक धावत बाहेर आला. “अरे, हे काय? इथे छप्पर आहे!”

आमच्या गावचा म्हातारा कारभारी त्याच्याकडे न पाहता बांबू खाली ठेवीत म्हणाला, “छप्पर तुमचा. मांडव आमचा.”

“पण घालणार कुठे? आत बांबू लावता येणार नाही. फरशी आहे. भिंतीला खिळा नाही, दोरी नाही. बोर्ड वाचा.”

वाढपी पोरे पायऱ्यांवर उभी राहून हसू लागली. एकाने विचारले, “मामा, उद्या गाई पण आणणार का बांधायला?” आमची माणसे खजील झाली. इतका बांबू हातात घेऊन उभे राहिल्यावर माणसाला आपले हातच नकोसे होतात. कचेरीतील माझे एक परिचित त्याच वेळी सभागृह पाहायला आले होते. मी त्यांची नजर टाळली, हे लपवीत नाही. कोणी बांबू परत टेम्पोत चढवू लागले.

दुसऱ्या टेम्पोतून बायका उतरत होत्या, त्यांच्यामागून टेम्पोला टेकवलेल्या फळकुटावरून स्वतःला सोडीत माझी बहीण. तिने एक नजर पायऱ्यांवर टाकली, एक बांबूंवर.

“काय झाला?”

“उबा करून नाय देत,” कारभाऱ्याने सांगितले.

“मंग आरवा घाला.”

कोणाला काही उमजेना. तिने टायर बांधलेल्या हाताने पायऱ्यांकडे रेघ ओढल्यासारखी खूण केली. “पायऱ्यांवर आरवा घाला. वरती फल्या टाका. मांडवान जानार ना मी? मांडवावरनं जाईन.”

मग अंगणात जो कोलाहल झाला त्याचे वर्णन करणे मला अवघड आहे. खाडीच्या भरतीला बांध फुटला की माणसे जशी धावतात तशी ती धावली. कोणी रेतीच्या गोण्या आणायला शेजारच्या बांधकामावर गेला, कोणी बांबू जुळवू लागला. पायऱ्यांवर गोण्या रचून, ओसरीपासून थेट फाटकापर्यंत बांबू शेजारी शेजारी टाकून, काथ्याने आवळून, त्यावर बोहल्याच्या फळ्या पसरल्या गेल्या. पायऱ्यांची एक बाजू मोकळी ठेवली होती, हे मी मुद्दाम नमूद करतो. आम्ही कोणाची वाट अडवली नाही. झावळे उगाच कशाला फुकट घालवायची म्हणून दोन्ही कडांना बांधली, आणि तो उतार खरोखर मांडवासारखा दिसू लागला. कोणाच्या घरचा बांबू कोठे आला, याची चौकशी बायका ओसरीवरून करीत होत्या.

व्यवस्थापकाने फोन केला. अर्ध्या घटकेत स्कूटरवरून न्यासाचे एक विश्वस्त आले. शहाणे, शांत, सोनेरी काड्यांचा चष्मा.

“अर्जनवीस, तुम्ही कायदा जाणणारे गृहस्थ. हे शोभतं का?”

“कायदा जाणतो म्हणून दोन अर्ज केले. उत्तर आले असते तर हे शोभले नसते.”

“आमची पोरं उचलणार होती ना. माणुसकी नाही असं थोडंच आहे?”

“माणुसकी आपल्या पोरांच्या खांद्यात आहे. ती आपल्या वास्तूत नाही, एवढेच माझे म्हणणे.”

“हे काढून घ्या. उद्या दुसऱ्यांची गैरसोय होईल.”

मी उत्तर देण्याआधी मागून एक जाडसर आवाज आला. होणाऱ्या जावयाचे चुलते व्याह्यांचा मानपान ठरवायला आले होते. ती मंडळी चिरनेरची, तीसच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार सोसलेल्या गावची. ते पुढे होऊन विश्वस्तांना म्हणाले, “सायेब, आमच्या गावानं जंगलासाटी बंदुका बगितल्यान. तुमी तर निस्ता चष्मा घालून आल्यांव.”

सर्व अंगण हसले. विश्वस्त हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि निर्वाणीचे सांगितले, की काढले नाही तर उद्या दार उघडणार नाही.

तेव्हा मी पायरीच्या कडेला बसलो. माझ्याबरोबर कारभारी बसला, मग बायका, मग उरलेले गाव. मी म्हणालो, “उद्या या दारातून पहिली आत जाईल ती माझी बहीण, आणि ती या फळ्यांवरून जाईल. तिच्याआधी नवरदेवही जाणार नाही, मीही नाही, माझे पाहुणेही नाहीत. दार उघडू नका. आम्ही लग्न अंगणात लावू आणि कचेरीतील, पंचायतीतील, ज्यांना ज्यांना मी निमंत्रण दिले आहे त्या सर्वांना बंद दाराचे कारण मी स्वतः, उभ्याने, सांगेन.”

विश्वस्तांनी फळ्या पायाने चाचपून पाहिल्या. शेवटी म्हणाले, “कोणी पडलं तर? जबाबदारी लिहून द्या.”

लिहून देणे हे माझे क्षेत्र. मी पिशवीतून कागद काढला आणि तेथेच गुडघ्यावर लिहिले की सदर उतारावर कोणास इजा झाल्यास ती जबाबदारी लिहून देणाराची राहील. तसेच सदर उतार नसल्यामुळे कोणास प्रवेश नाकारला गेल्यास ती जबाबदारी न्यासाची राहील. दोन प्रती केल्या, दोन्हींवर त्यांची सही घेतली. दुसरे वाक्य त्यांनी सही झाल्यावर वाचले. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. माझी प्रत मी घडी करून खिशात ठेवली.

लग्नाच्या सकाळी अंगण भरले. बहीण हिरव्या लुगड्यात, कपाळाला मळवट, केसांत अबोलीचा वळेसर अशी फळीवर बसून फाटकाशी आली. वाजंत्री थांबली. तिने हात टेकून रेटा दिला आणि बेअरिंगे फळ्यांवर घरघरू लागली. पहिला भाग ती सहज चढली. मध्यावर चढ वाटला त्याहून कठीण निघाला. फळी थबकली आणि हळूच मागे घसरू लागली. अंगणातून एकच हाय उमटली. व्यवस्थापक, त्याच्या चांगुलपणाबद्दल माझी तक्रार नाही, तो दोन्ही हात पुढे करून धावला.

“हात लावशील तर बग!” ती अशी खेकसली की तो जागीच खिळला.

तिने दोन्ही तळवे उताराच्या फळ्यांवर दाबून गाडी आडवी केली. श्वास घेतला. आणि मग गाडी पूर्ण फिरवून ती पाठमोरी झाली, म्हणजे पाठ सभागृहाकडे आणि तोंड आमच्याकडे. आता हात फळ्या मागे ओढत नव्हते, पुढे रेटत होते. खांद्यांचा सगळा जोर कामी येऊ लागला. इंचाइंचाने ती उलटी चढत गेली आणि चढताना आम्हा सर्वांची तोंडे तिला दिसत राहिली. माझ्या मुलीचे डोळे भरलेले पाहून ती मध्येच म्हणाली, “अगं बाय, लगीन हाय ना तुजा? मग मयताला आल्यासारकी काय उबी?”

बायकांत हसू फुटले. त्या हशातच ती ओसरीवर पोहोचली.

आत माइकवाला पोऱ्या तार घेऊन आला. तिने हातानेच त्याला बाजूला सारले आणि सभागृहाच्या तयार बोहल्याशेजारी बसून धवला धरला. प्रथम गावदेवी, मग खाडीचे देव, मग बांध राखणारे, मग ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांची नावेही कागदावरून गेली ते आमचे पूर्वज, असे एकेक करून तिने सर्वांना बोलावले. स्पीकरशिवाय तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. तेथे कचेरीतील मंडळी बसली होती. त्यांपैकी एकाने पुढे मला सांगितले की त्याला शब्द कळले नाहीत, पण उठावेसेही वाटले नाही.

दुपारी जेवणाची घाई झाली तेव्हा मी एक दृश्य पाहिले, ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. काल हसणारी ती वाढपी पोरे भाताचे टोप पायऱ्यांवरून न चढवता आमच्या फळ्यांवरून ढकलीत वर नेत होती. व्यवस्थापक बाजूला उभा राहून “सावकाश, सावकाश” म्हणत होता.

त्यातून न्यासाने बोध घेतला, तो असा. पुढल्या हिवाळ्यात सभागृहाच्या मागे, भांडी घासण्याच्या मोरीजवळ, पक्का सिमेंटचा उतार झाला. मला निरोप आला की आपल्या मागणीचा विचार झाला आहे, पाहून जावे. मी बहिणीला घेऊन गेलो. उतार उत्तम होता. त्यावर खरकटे पाणी वाहत होते, बाजूला उष्ट्याची पिंपे होती, आणि तो थेट मुदपाकखान्यात उघडत होता.

बहिणीने त्याच्या तोंडाशी गाडी थांबवली. “टोपाला रस्ता क्येला,” ती म्हणाली, “बरा क्येला. टोपाला सांगा, या.” आणि फळी वळवून निघाली.

समोरच्या पायऱ्यांवर तोवर सिमेंटच्या अवजड कुंड्या आल्या होत्या, दोन्ही कडांना आणि मधोमध, म्हणजे पुन्हा कोणाला बांबू टाकता येऊ नयेत. त्यांत शोभेची झाडे होती. व्यवस्थापक म्हणाला, “सुशोभीकरण, काका.” मी तिसरा अर्ज केला. विषय: समोरील प्रवेशमार्गाबाबत. पाहुणा मागच्या दाराने घेणे हा आपल्या संस्कृतीत कोणत्या नात्याचा व्यवहार समजला जातो, हे मी त्यात विचारले. उत्तर आले नाही.

मात्र आमच्या गावची लग्ने थांबली नाहीत. पुढल्या वैशाखात कारभाऱ्याच्या नातवाचे लग्न त्याच सभागृहात ठरले. जवळपास तेवढे मोठे दुसरे नव्हते, आणि असते तरी आम्ही तेथेच गेलो असतो. आदल्या दुपारी टेम्पो आले, बांबू उतरले. व्यवस्थापक पायऱ्यांवर कुंड्यांच्या रांगेत उभा राहिला. “मागे उतार केलाय ना तुमच्यासाठी!”

“टोपांसाटी क्येलाय,” बहीण खालून म्हणाली. “मी धवलारीन हाय. जिथनं नवरी जाते तिथनं मी जाते.”

आमच्या चौदा-पंधरा जणांनी दोघादोघांत एक अशा कुंड्या उचलल्या, अगदी अलगद, एकाही झाडाचे पान न मोडता, आणि भिंतीच्या कडेला सावलीत मांडून ठेवल्या. उन्हात मलूल झालेल्या त्या झाडांना बायकांनी हंड्यातले पाणी घातले. मग पायऱ्यांवर गोण्या पडल्या, बांबू पडले, फळ्या पडल्या. व्यवस्थापक फोनकडे गेला नाही. तो तेथेच उभा होता. शेवटची गाठ मारताना दोरी कमी पडली, तेव्हा त्याने आतून एक वीतभर जास्तच लांब अशी नायलॉनची दोरी आणून कारभाऱ्याच्या हातात दिली.

त्यानंतरही आम्ही दर लग्नाला कुंड्या हलवत आलो आहोत. न्यासाने त्या आणखी जड केल्या. आम्ही माणसे वाढवली. माझी बहीण आता फार चढ चढू शकत नाही, खांदे दुखतात, म्हणून आम्ही उतार अधिक लांब करतो. फाटकाबाहेर रस्त्यावर जातो, थोडी रहदारी थांबते, लोक विचारतात काय आहे. आम्ही सांगतो. माझा तिसरा अर्ज न्यासाच्या दप्तरी आहे. तो मी मागे घेतलेला नाही, घेणार नाही, आणि तो मान्य होईपर्यंत माझी बहीण समोरूनच आत जाईल.